अखिल्लेउसाचा ‘ख’ कोणी खाल्ला?

होमरच्या ‘इलियड’चा नायक मराठीत ‘अकिलीज’ झाला आहे. हे नाव ग्रीक नव्हे आणि मराठीही नव्हे. इंग्रजाच्या तोंडून ते जसे ऐकले, तसे आम्ही उतरून घेतले.

मूळ नाव अखिल्लेउस. प्राचीन ग्रीकमधला त्यातला वर्ण महाप्राण होता, म्हणजे चक्क आपला ‘ख’. इंग्रजीत क आणि ख हे वेगळे वर्णच नाहीत, तेव्हा इंग्रजाची अडचण समजते, आपली कोणती? त्याची आई थेतिस, तिला आम्ही ‘थेटिस’ केले. त्याचा वैरी हेक्तोर, त्याचा ‘हेक्टर’ केला. त आणि ट यांतला भेद पहिल्या यत्तेतले पोर जाणते. तो विद्वान भाषांतरकाराने विसरावा काय?

कोणी म्हणेल, नावे प्रवासात झिजायचीच. कबूल! इटालियन ‘आकिल्ले’ म्हणतो, स्पॅनिश ‘आकिलेस’, फ्रेंच ‘अशील’. पण ती आपापल्या जिभेवर झिजली. क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवर, होमरच्याही कित्येक शतके आधी, हे नाव ‘आ-कि-रे-उ’ असे आढळते. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडलेल्या त्या लिपीत ल आणि र, क आणि ख यांना वेगळी चिन्हे नव्हती. लिपीच अपुरी, तिथे लेखनिकाला दोष कसा द्यावा? देवनागरीला मात्र ती सबब नाही.

ट्रॉयचे अवशेष तुर्कस्तानात हिसार्लिक येथे आहेत. तरी तुर्कीतही हे नाव पॅरिसमार्गे ‘अशिल’ होऊन शिरले. पण अझ्रा एर्हात आणि आ. कादिर यांनी ‘इलियड’ तुर्कीत आणताना (पहिला भाग १९५८) ग्रीक वळणाचा ‘अखिल्लेउस’च पत्करला. वाचक बिथरतील म्हणून ते थांबले नाहीत.

प्रश्न एका नावापुरता नाही. मध्यस्थालाच मूळ मानण्याची सवय जडली, की मुळापर्यंत जाण्याची निकडच उरत नाही. मग ग्रीक शिकून होमर मराठीत आणावा, असे कोणाला कशाला वाटेल?

टाचेवरच्या शिरेला डॉक्टरांनी हवे ते म्हणावे. परंतु पुढचा मराठी ‘इलियड’ जो कोणी छापील, त्याने अखिल्लेउसाचा ‘ख’ आणि थेतिसचा ‘त’ त्यांना परत करावा. खिळे जुळवणाऱ्याच्या खणात दोन्ही अक्षरे पूर्वीपासूनच होती.