कार-टी हवीच, पण आधी तापाचा पहिला डोस जालन्यात

ब्लड कॅन्सरचा विषय निघाला की हल्ली जुन्या जालन्यात, गांधी चमनपासून कचेरी रोडपर्यंत, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "आयआयटीने इलाज शोधलाय, सरकारने तेवढा फुकट करावा, विषय संपला." या बोलण्यामागची कळकळ खरी आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. त्या चुकीची किंमत आपल्याच जिल्ह्यातली लेकरं मोजतील, म्हणून त्याचं खंडन करणं मला भाग आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून नेक्सकार-१९ ही कार-टी उपचारपद्धती उभी केली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे कर्करोगी बी पेशींवरची सीडी-१९ ही खूण त्यांना ओळखता येते, आणि मग त्या पेशी पुन्हा शिरेतून सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली गेली होती; आपल्याकडे त्याच धर्तीचा उपचार ४० लाख रुपयांच्या आसपास आला. याचा अभिमान वाटायलाच हवा, मलाही वाटतो.

पण हा उपचार कोणासाठी आहे? बी पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा ज्यांचा उलटला, किंवा नेहमीच्या औषधांना ज्यांचा रोग बधलाच नाही, त्यांच्यासाठी. मायलॉइड ल्युकेमियाला त्याचा उपयोग नाही. ज्यांना तो लागू पडतो त्यांच्यातही सगळे बरे होत नाहीत. २०२५ साली 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'मध्ये या उपचाराचे निष्कर्ष आले, त्यात प्रतिसादाचं प्रमाण ७३ टक्के होतं, आणि प्रतिसाद म्हणजे कायमची सुटका नव्हे. पेशी सोडल्यावर शरीरात दाहाचं वादळ उठू शकतं, त्यासाठी अतिदक्षता विभाग तयार लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. म्हणजे एका कार-टीत आठ कुटुंबांचं वर्षभराचं संरक्षण जातं.

आता पोरं खरोखर कशाने बरी होतात ते पाहू. मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात पाश्चात्त्य देशांत आज दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात. त्यांतल्या बहुतेकांना बरं करणारी औषधं जुनी आहेत : व्हिन्क्रिस्टीन, स्टेरॉइड, ॲस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्झेट, मर्कॅप्टोप्युरिन. १९७०च्या दशकापर्यंत ही सगळी हाताशी आलेली होती. आपल्याकडे टाटा रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते सर्वांच्या लक्षात राहिलं. त्याच दशकात त्यांनी आणि अमेरिकेतल्या इयान मॅग्राथ यांनी मिळून एमसीपी-८४१ ही केमोची आखणी राबवली, ती मात्र डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक नाही. त्याआधी पाचातलं एखादं मूल वाचायचं. दशक संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास वाचू लागली. त्यासाठी नवं औषध निघालं नव्हतं. हाताशी असलेलीच औषधं ठरल्या क्रमाने, ठरल्या मात्रेत, शेवटपर्यंत दिली गेली.

निम्म्यापासून दहातल्या नऊपर्यंतचं अंतर आपल्याकडे अजून पुरतं का भरलं नाही, याची कारणं बालकर्करोगाच्या डॉक्टरांना तोंडपाठ आहेत. निदान उशिरा होतं, केमोनंतरच्या जंतुसंसर्गात मुलं दगावतात, आणि घरचे उपचार अर्ध्यात सोडतात. ही तिन्ही कारणं टाटाच्या परळच्या प्रयोगशाळेत सापडायची नाहीत. ती इथे आहेत, चारशे किलोमीटर अलीकडे.

पोराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. चेहरा पांढराफटक पडतो, पायांची हाडं दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. रक्ताच्या रिपोर्टवर प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू म्हणायचं आणि पपईच्या पानांचा रस सुरू करायचा. त्याहून घातक आहे ते डेक्सामेथासोनचं इंजेक्शन. ताप झटकन उतरतो, पोरगं खेळायला लागतं, आईबापाला हायसं वाटतं. पण स्टेरॉइड हे ल्युकेमियाचंच एक औषध आहे. रोगाच्या पेशी काही दिवस त्याने विरघळतात, मज्जेच्या तपासणीत निदान धूसर होतं, आणि रोग दबल्यासारखा वाटून नंतर जास्त हट्टी होऊन उलटू शकतो. निदान झाल्याशिवाय तापाच्या मुलाला स्टेरॉइड नाही आणि प्लेटलेट कमी असतील तर रक्ताची काच डोळ्याने पाहिल्याशिवाय डेंग्यूचा शिक्का नाही, एवढे दोन नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात पाळले गेले तरी कितीतरी जीव वाचतील. त्याला ४० लाख लागत नाहीत.

आता दुसरा पक्ष. तो मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो जाणत्या डॉक्टरांचा आहे. ते म्हणतात, ब्लड कॅन्सरला लहान गावात हात लावूच नये. जिथे वर्षाला शेकडो रुग्ण येतात तिथेच हात बसतो. अर्धवट ज्ञानाने केलेली केमो रोगापेक्षा लवकर मारते. यातला बराच भाग मला मान्य आहे. निदान, पहिल्या महिन्याची केमो, पाठीच्या कण्यातली इंजेक्शनं हे सारं मोठ्या केंद्रातच व्हावं. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. त्याच्यापुढे टाटाची परळ आणि खारघरची केंद्रं आहेतच.

पण मूल तिथे कायम राहत नाही. दोन केमोंच्या मधल्या काळात ते घरी येतं, आणि त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. अशा मुलाला ताप आला की शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात पडायला हवा, हे जगभर मान्य झालेलं आहे. जुन्या जालन्यातल्या आईने रात्री दोन वाजता तापलेलं पोर घेऊन कुठे जायचं? जवळच्या दवाखान्यात उत्तर मिळतं, "हा टाटाचा पेशंट आहे, आम्ही हात लावत नाही, तिकडेच न्या." समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबई एका तासात येत नाही, आणि रेल्वे तर तिच्या वेळेलाच सुटते. लहान गावात उपचार नकोत हे तत्त्व तंतोतंत पाळलं तर त्याचा अर्थ एवढाच उरतो की त्या मुलाने वाटेत मरावं. इंग्लंडमध्ये या अडचणीवर सामायिक उपचाराची केंद्रं फार पूर्वीच उभी राहिली. मुख्य रुग्णालय आखणी करतं, आणि ताप, रक्त चढवणं, साधी केमो ही कामं मुलाच्या गावाजवळचं रुग्णालय त्यांच्या सल्ल्याने करतं. तिथल्या अशा रुग्णालयात सगळेच डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ नसतात. एक बालरोगतज्ज्ञ, लेखी सूचना आणि उचलला जाणारा फोन एवढ्यावर ते चालतं.

याच कामाचा दुसरा अर्धा भाग गोळ्यांचा आहे. जोरदार केमो संपली की पुढे दीड-दोन वर्षं रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्याला मेथोट्रेक्झेट घ्यायचं असतं. पोरगं तोवर धडधाकट दिसत असतं, आणि इथेच गोळ्या चुकतात. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. शिवाय आपल्या लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकाचा असा प्रकार सापडतो की साधी मात्राही काहींना झेपत नाही, रक्तातल्या पेशी ढासळतात. म्हणून रक्त वारंवार तपासून मात्रा कमीजास्त करावी लागते. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाने केवळ एका सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, दिवसाचा रोज बुडवून मुंबई गाठायची का? ती तपासणी जालन्यात होते. रिपोर्ट वाचून मात्रा ठरवणाऱ्या माणसाशी जोडणारा दुवा तेवढा नाही. आणि आज ज्याच्या गोळ्या चुकल्या, उद्या कार-टीसाठी रांगेत उभं राहायची वेळ त्याच्यावरच येते.

"केमो विष आहे, त्यापेक्षा भस्म बरं" म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो. सोमलाने, म्हणजे आर्सेनिकने, ल्युकेमिया बरा होतो, हे अगदी खरं आहे. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात आर्सेनिकवर काम सुरू केलं; वेल्लोरला विक्रम मॅथ्यूज यांनी केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइडने प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे रुग्ण बरे करून दाखवले. पण ते शुद्ध औषध मोजून शिरेतून दिलं जातं, सोबत ईसीजी आणि पोटॅशियमवर लक्ष असतं, आणि ते रोगाच्या या एकाच प्रकारावर असं चालतं. पुडीतल्या भस्मात यातलं काहीही नसतं.

मग महाग औषधं स्वस्त करण्याचा, पैशाचा लढा सोडून द्यायचा का? मुळीच नाही. इमॅटिनिब, म्हणजे ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरवरच्या गोळीची गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ग्लिव्हेकच्या पेटंटला हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जाणारी गोळी देशी कंपन्यांकडून दहा हजारांच्या आत मिळत राहिली. नॅशनल कॅन्सर ग्रिडने ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा सुमारे ८२ टक्के पैसे वाचले. कार-टीची आणि ब्लिनाटुमोमॅब या नव्या औषधाचीही किंमत याच मार्गाने खाली आणावी. ब्लिनाटुमोमॅबचा तर पहिल्या फेरीतच उपयोग होतो, हे डिसेंबर २०२४ मध्ये सिद्ध झालं आहे : नेहमीच्या केमोला त्याची जोड दिल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त असलेली मुलं ८८ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली. मात्र हे आकडे ज्या देशांतून आले, तिथे तापाचा पहिला डोस वेळेवर पडतो. तो पाया नसेल तर वरची आठ टक्के आपल्या हाती लागणार नाहीत.

"रोग उलटलेल्यांना मग मरू द्यायचं का?" हा प्रश्न मला टोचतो, आणि त्याला गुळमुळीत उत्तर द्यायचं नाही. त्यांच्यासाठी राज्याने वेगळा निधी ठेवावा, आणि कोणाला द्यायचा ते डॉक्टरांच्या समितीने ठरवावं, पुढाऱ्यांच्या चिठ्ठीने नव्हे. पण पैसा अपुरा असेल आणि क्रम लावावाच लागला, तर माझा कौल पहिल्या उपचाराच्या बाजूने आहे. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कर्करोगासाठी त्रिस्तरीय सेवेचं धोरण मंजूर केलं. त्या उतरंडीच्या खाली प्रत्येक जिल्हा रुग्णालयाची एक पायरी असली पाहिजे. जालन्यापुरती माझी मागणी अशी : केमो चालू असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद जिल्हा रुग्णालयात असावी, तापाच्या पहिल्या डोसची लेखी सूचना त्याच्या फाइलमध्ये आणि ते औषध अपघात विभागाच्या कपाटात रात्रंदिवस असावं, प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून रक्तपेढीकडे बोलावता येतील अशा दात्यांची यादी असावी, आणि संभाजीनगरच्या डॉक्टरांना लावायच्या फोनची जबाबदारी एका ठरलेल्या बालरोगतज्ज्ञाकडे, नावानिशी, द्यावी.