अर्धे तिकीट दिले, वेळापत्रकाचे काय?



मार्च 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट मिळत असताना महिलांना वाहतुकीच्या समित्यांवर जागांचा हट्ट कशाला, असे या वृत्तपत्रातील एक पत्रलेखक विचारतात. सवलत तिकिटाची आहे. गाडी किती वाजता सुटावी, हे ठरवणारे वेगळेच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्यादेवींच्याच नावाच्या योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून मुलीला शेवटचा तास बुडवून माळीवाडा स्थानक गाठावे लागत असेल, तर तो पास काय कामाचा?

पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या, हे खरे. मात्र फेऱ्या ठरतात एसटीच्या विभागीय कार्यालयात आणि रिक्षांचे भाडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील परिवहन प्राधिकरणात. सरपंचबाईंनी तिथे निवेदन द्यायचे आणि पोच घेऊन परतायचे. (नव्या गाडीला नारळ फोडताना फोटोत मात्र त्या हव्यातच!)

1 जून 1948 रोजी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावरच धावली. त्या नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, वेळापत्रक बदलण्याआधी प्रवासी महिलांना विचारावे आणि प्राधिकरणावर अशासकीय सदस्य नेमताना एखाद्या महिलेचा विचार व्हावा, एवढीच मागणी आहे. यात पत्रलेखकांना हट्ट कुठे दिसला?

– एक प्रवासी वाचक, अहिल्यानगर