वाया गेलेला सोमवार

यंदाच्या शैक्षणिक सहलीत एक दिवस फुकट गेला, असे जो तो म्हणतो. गॅदरिंगच्या दिवसांत तर ‘अजिंठ्याचा सोमवार’ हा थट्टेचाच विषय होऊन बसला होता. सहल आखणाऱ्या चौघांत मीही होते, तेव्हा त्या थट्टेतला माझा वाटा मी मुकाट्याने घेते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकानेही पाहिली नाही. परंतु तो दिवस वाया गेला, हे मात्र मला मान्य नाही; म्हणून हा लेखनप्रपंच!

झाले असे की, लोणारचे सरोवर पाहून आम्ही रविवारी रात्री उशिरा अजिंठा गावी मुक्कामाला पोहोचलो. सकाळी कळले की लेणी बंद. काही मित्र म्हणाले, “मग आजच वेरूळ गाठू.” वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण ड्रायव्हरकाकांची दोन रात्री धड झोप झालेली नव्हती. सरांनी त्यांच्या डोळ्यांकडे एकदा पाहिले आणि सांगितले, “आज गाडी हलणार नाही. पैठण रद्द.” झाले! तेथून कुरकुर सुरू झाली ती राळेगाव येईपर्यंत थांबली नाही.

कुरकुरीचे कारण मी समजू शकते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सहलीची वर्गणी सहज निघत नाही. माझी वर्गणी कापसाच्या पैशातून निघाली आणि ती देताना बाबांनी विचारले होते, “किती ठिकाणं दाखवतात?” मी बोटांवर मोजून आठ सांगितली. आठाला इतके, तर एकाला किती, हा हिशेब आमच्या घरात आपोआप होतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सुट्टीच्या दिवशी मी तीस-पस्तीस किलो वेचते, आई माझ्या दीडपट वेचते. संध्याकाळी काट्यावर जे चढेल तेवढाच दिवस. ज्या दिवसाला वजन नाही तो दिवस आम्हांला दिवस वाटतच नाही.

तर त्या बिनवजनाच्या दिवशी आम्ही काय केले? सकाळी कपडे धुतले. चहाच्या टपरीपुढे तास-दीड तास बसलो. गावात पारोची कबर आहे, ती पाहिली. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी 1844 साली लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षे येथेच राहिला. पारो ही त्याची इथली सहचरी, 1856 साली वारली. त्याने रंगविलेली बहुतेक चित्रे पुढे 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. ज्या भिंतींपुढे त्या माणसाने उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्यासाठी आमच्या वेळापत्रकात तीन तास होते, जेवणासह!

दुपारी मॅडमबरोबर आम्ही मुली एक जीप ठरवून वरच्या पठारावर गेलो. जानेवारीतले ऊन, गवत पिवळे पडलेले, मध्येच काळा खडक उघडा. चित्रपटांत अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्या दाखवतात ना, तसेच काहीसे. आणि पायाखाली एकदम दरी! वाघूर नदी येथे घोड्याच्या नालासारखे वळण घेते. समोरच्या अडीचशे फुटी कड्याच्या पोटात लेण्यांची दारे ओळीने दिसतात. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला असेच वरून एका लेण्याचे तोंड दिसले होते. त्याला वाघ हवा होता. आम्हांला काहीच नको होते. आम्ही नुसत्या बसलो. एक मैत्रीण चक्क झोपली. सावली कड्यावरून सरकत एकेका दारात शिरताना मी पाहत होते.

तेथे बसल्यावर मला एक गोष्ट उमगली. वर्गात ‘वर्षावास’ हा शब्द मी दोन गुणांसाठी पाठ केला होता. एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत, त्यासाठी असे विहार असत, एवढेच. म्हणजे ही लेणी माणसाने थांबावे म्हणून खोदलेली, आणि आपण त्यांच्यातून धावत जातो! आणखी एक. पाचव्या शतकात ही बहुतेक लेणी ज्या वाकाटक हरिषेणाच्या काळात झाली, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशिम. हेही मला पाठ होते. पण वाशिमचा कोणी माणूस येथे उभा राहिला असेल, हे मनात यायला रिकामी दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे गर्दी होती, मोबाइल वर धरलेले. मी मागे भिंतीशी थांबून राहिले. आदल्या दिवशी थांबायची सवय लागली होती, असे म्हटले तर कोणी हसेल, हसो बापडे.

“बसायचेच होते तर राळेगावात काय वाईट होते?” असे एका मित्राने मला विचारले. त्याला माझे उत्तर असे : तू राळेगावात बसू शकतोस, मी नाही. आमच्या घरी बाई बसली तरी तिच्या हातात सूप असते, नाहीतर लसूण. पुस्तक घेऊन बसले तर अभ्यास म्हणून चालते. नुसते बसायला मला अजिंठ्याला जावे लागले.

म्हणून माझी सूचना आहे की पुढील वर्षीच्या सहलीत आठाऐवजी पाच ठिकाणे असावीत आणि एक दिवस मोकळा ठेवावा. चुकून नव्हे, ठरवून. वर्गणीही तेवढी कमी होईल, आणि पैशापायी मागे राहिलेल्या दोन-तीन मैत्रिणींना येता येईल.

परतल्यावर घरी मी आठ ठिकाणे सांगितली नाहीत. खरे तेच सांगितले. आई तांदूळ निवडीत होती. म्हणाली, “एवढ्या दूर जाऊन बसूनच राह्यली का वं दिवसभर?” मी म्हटले, “हो.” तिने हात थांबवला नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “अन् कोणी काही म्हटलं नाही?”