टाके निघाल्यावर

अंडाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन बाई घरी आली की गल्लीतल्या आयाबाया भेटायला येतात. जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य असते, "धीर सोडू नको बाई." बोलणारीचा हेतू चांगलाच असतो. पण धीर ही काही डब्यात घालून आणून देण्याची वस्तू नव्हे. तो कशातून येतो, याबद्दल आज आम्ही आमच्या भगिनींशी, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या नवऱ्यांशी व मुलांशी, थोडे बोलणार आहोत.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे पोटाच्या कुठल्याही ऑपरेशनला "पिशवी काढली" असेच म्हणतात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असे 2019 साली सरकारनेच विधिमंडळात सांगितले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यातून पुढे आला. तेव्हापासून ऑपरेशन म्हटले की आपल्या माणसांच्या मनात संशय येतो, आणि तो रास्तच आहे. पण हे ऑपरेशन वेगळे. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. तिथे कर्करोग झाला तर बहुतेक वेळा दोन्ही अंडाशये, नळ्या, पिशवी आणि आतड्यावरचा चरबीचा पडदा काढावा लागतो. पूर्वी नुसती पिशवी काढलेल्या बाईलाही, अंडाशये मागे राहिली असतील, तर हा आजार होऊ शकतो. पोट फुगते, दोन घासांत भूक मरते, ओटीपोट दुखते, लघवीला वरचेवर जावे लागते. बाई म्हणते गॅस झाला, आणि महिने निघून जातात.

आता आमच्या राजूरच्याच एखाद्या बाईचे ऑपरेशन झाले, असे धरून चालू. पोटावर उभा, लांब टाका. डॉक्टर सांगतात, दीड महिना वजन उचलायचे नाही. दवाखान्यात मान हलते, घरी आल्यावर दारात रिकामा हंडा दिसतो. भरलेला हंडा म्हणजे दहा-पंधरा किलो. तो कोण उचलणार? जयंतीला स्टेज बांधायला शंभर पोरे धावून येतात. त्यांतल्या एकाने सहा आठवडे सकाळी दोन हंडे भरले, तर त्या घरातला अर्धा धीर तिथेच आला. भाकऱ्या थापणे, कपडे आपटणे, कापसाचे ओझे, सगळे बंद. पडून मात्र राहू नये. घरातल्या घरात, मग अंगणात, मग विहारापर्यंत, असे रोज थोडे थोडे चालावे. एकाच पायाला सूज आली, दम लागला, टाक्यातून पू आला, सारख्या उलट्या होऊन पोट फुगले, तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खाण्याचे पथ्य हा आमच्या रागाचा विषय आहे. "अंडे देऊ नका, टाके पिकतात," असे सांगणारी म्हातारी प्रत्येक गल्लीत असते. टाके अंड्याने पिकत नाहीत. डॉक्टरांनी साधे जेवण सुरू केले की वरण, मऊ भाकरी, अंडी, दही, शेंगदाणे, जमेल तेव्हा मटणाचा रस्सा, सारे द्यावे. जखम भरते ती त्यातूनच. केमो चालू असताना मात्र पाणी उकळलेले आणि अन्न ताजे, नीट शिजवलेले हवे.

आता केमोचे. बहुतेकींना साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा औषध द्यावे लागते. केस जातात, ते परत येतात. या काळात ताप शंभरच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नये. सगळ्यात मोठा धोका तिसऱ्या-चौथ्या केमोनंतर असतो. बाईला बरे वाटू लागते, पोटाची सूज उतरलेली असते, त्यातच कापूस वेचणीला येतो, आणि उरलेले केमो राहून जातात. बरे वाटणे म्हणजे औषध पुरे झाले असे नव्हे. ती तारीख घरच्या लग्नाच्या तारखेसारखी धरावी.

पैशाचे काय? छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन आणि केमो बसतात. ही योजना 2012 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, 2017 साली तिला जोतिबांचे नाव मिळाले. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर रेल्वेत रुग्णाला स्लीपरचे तिकीट माफ असते, सोबतच्या एकाला मोठी सवलत मिळते. उतरायला दादरला गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटाचे किती तरी रुग्ण तिथेच राहून उपचार घेतात.

सिनेमातली मनीषा कोईराला अनेकींना ठाऊक असेल. तिला हाच आजार झाला. डिसेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्कला ऑपरेशन, मग कित्येक महिने केमो. ती बरी झाली, पुन्हा कामाला लागली आणि 2018 च्या 'संजू' चित्रपटात नर्गिस झाली. ती नर्गिस 1981 साली कर्करोगानेच गेली होती, आणि तिच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आपल्या बार्शीत आहे. मनीषाजवळ पैसा होता, हे खरे. पण केमोच्या खुर्चीत तिलाही तितकाच वेळ बसावे लागले.

मनाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "तू खचलीस तर आजार वाढेल," असे रुग्णाला कुणी म्हणू नये. रडल्याने कर्करोग वाढतो, असे कुठे सिद्ध झालेले नाही. अंडाशये गेल्याने पाळी एकदम थांबते, अंगातून वाफा निघतात, रात्रीचा घाम येतो, झोप उडते, चिडचिड होते. नवऱ्याने याला नखरे समजू नये. हे औषधाने कमी होऊ शकते, डॉक्टरांना विचारावे. आजार शिवल्याने लागत नाही. ताट-वाटी वेगळी करणारे घर आमच्या समाजात तरी असू नये. महिला मंडळाच्या भगिनींनी भेटायला जावे, पण कोण कसे दगावले त्या गोष्टी दारातच ठेवून जावे. ती रडली तर रडू द्यावे आणि तेवढ्यात तिच्या चुलीवरचा चहा उतरवून घ्यावा.

काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद, केमोच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. उपचार संपल्यावरही पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, तेव्हा हीच पिशवी लागते. आणि आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. काही घरांत हा धोका रक्तातून पुढे येतो. तेव्हा तपासणीला जाताना मोठ्या मुलीला सोबत न्यावे, तिच्याविषयीही तिथेच विचारून घ्यावे.