संशोधन आमच्या रक्तावर, आणि आम्ही वेशीबाहेर?

सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांना नवा नाही. त्यावरच्या जनुक-संपादनाच्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. जैवअभियांत्रिकीचे हे संशोधन आम्ही वाचलेच नाही, तर स्वस्त उपचार कोणत्या तोंडाने मागणार?

केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांना ६,००० कोटी मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली, पण सरकारी संस्थांपुरतीच. कर्ज काढून खासगी कॉलेजात शिकणारी आपली पोरे बाहेरच. ही ज्ञानाची नवी वेस आहे.

सर्वांना प्रवेश ही आमची मागणी आहेच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. ‘पबमेड’ मोफत आहे. तिथे इंग्रजीत ‘सिकल सेल’ आणि ‘जीन एडिटिंग’ हे शब्द ‘अँड’ने जोडून शोधा, मग ‘फ्री फुल टेक्स्ट’ची चाळणी लावा. पूर्ण निबंध हाती येतात.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. आपल्या प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत दरमहा एक शोधनिबंध वाचला गेलाच पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा त्यासाठी काढू या.

जय भीम!