मसीहाचे युग आणि मनुष्याची मुखत्यारी

संपादक महाशय,


यहुदी श्रद्धेप्रमाणे मसीहा येताच मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य लोपते व तो कळसूत्री बाहुली उरतो, असा जो सरसकट दावा गतांकातील पत्रात केला आहे, तो एकतर्फी असल्यामुळे हा खुलासा अगत्याचा वाटतो.

पत्रलेखकांच्या म्हणण्यास आधार आहे, हे नाकारता येणार नाही. ईश्वर अंतःकरणाची सुंता करील, या बायबलातील ‘अनुवाद’ ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायातील वचनावर भाष्य करताना, स्पेनमधील तेराव्या शतकातील पंडित नाखमानीदीस यांनी, मसीहाच्या काळी मनास अयोग्याची वासनाच होणार नाही व आदामाच्या पातकापूर्वीची स्थिती परत येईल, असे प्रतिपादन केले आहे. परंतु १२०४ साली निवर्तलेले यहुदी पंडित मैमोनिदीस यांनी ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मसंहितेत, तालमुद या धर्मग्रंथातील आचार्य शमुएल यांचे मत ग्राह्य धरून, मसीहाच्या काळी सृष्टिक्रम पालटणार नाही, केवळ परकीय राजसत्तांची ताबेदारी सरेल, असे म्हटले आहे; दुष्काळ, युद्ध व मत्सर नाहीसे होऊन ज्ञानसाधनेस फुरसत लाभेल, ही त्यांची अपेक्षा. त्याच ग्रंथात प्रत्येक मनुष्यास सन्मार्ग वा कुमार्ग निवडण्याची मुखत्यारी आहे, हे त्यांनी धर्माज्ञेचे अधिष्ठान मानले असल्याने, त्या युगात ती मुखत्यारी खालसा न होता तिच्या वाटेतील अडथळे दूर होतात, असाच निष्कर्ष निघतो.

शिवाय नाखमानीदीस यांचे मत स्वीकारले तरी जबरदस्ती सिद्ध होत नाही. निरोगी मनुष्यास माती खावीशी वाटत नाही, म्हणून कोणी त्यास पराधीन म्हणत नाही. तेव्हा एका भाष्यकाराचे मत अखिल धर्माचे फर्मान म्हणून मांडणे न्यायाचे नव्हे.

आपला,
एक वाचक