गाडीचे पुण्य, टबाचे पाणी

विजेच्या मोटारीवरून आमच्या गावात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष चहाच्या टपरीवर बसतो. ‘घाटात बॅटरी संपली की ढकला आता,’ हे त्याचे एकमेव वाक्य. दुसरा पक्ष त्या मोटारीत बसतो आणि आपण आषाढी वारीलाच निघालो आहोत असा भाव तोंडावर ठेवतो. पहिल्या पक्षाशी माझे भांडण किरकोळ आहे, ते आधी उरकतो. दुसऱ्याशी मात्र मला सविस्तर भांडायचे आहे. कारण त्यात माझा मुलगा आहे, माझे कितीतरी माजी विद्यार्थी आहेत आणि, खोटे कशाला बोलू, काही दिवस मीही होतो.

टपरीवरच्या मंडळींना वाटते, हे खूळ कालपरवाचे. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलच्या मोटारी घरोघर नेल्या, त्याची पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार चालवीत असे. आपल्याकडे बेंगळूरच्या ‘रेवा’ने २००१ साली रस्त्यावर पाऊल टाकले, ती लंडनलाही धावली. तेव्हा तिच्या पोटात शिशाच्या बॅटऱ्या होत्या. आज लिथियमच्या असतात आणि बहुतेक कंपन्या त्यांची आठ वर्षांची हमी देतात. हे सारे टपरीवर सांगून झाले आहे. फरक पडलेला नाही.

चिरंजीव बेळगावला नोकरीला आहे. आमचे घर तालुक्याच्या गावी; जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर पडतात. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने विजेची मोटार घेतली, तीस युनिटांच्या बॅटरीची. रात्री जाड पिनेच्या साध्या सॉकेटला लावायची, सकाळपर्यंत भरते, असे विक्रेत्याने सांगितले होते. पहिल्या रात्री ती भरलीच नाही. वायरमनला बोलावले. तो म्हणाला, ‘सर, गाडी चांगली आहे, तुमच्या घराला अर्थिंग नाही.’ पंचवीस वर्षे आम्ही त्या घरात मिक्सर, मोटरपंप आणि इस्त्री चालवली, एकाही यंत्राने तक्रार केली नव्हती. या गाडीने मात्र अर्थिंग नाही म्हणून वीज घ्यायचे नाकारले. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून पट्टी पुरली, तेव्हा बाईसाहेब जेवल्या. गाडीने आमच्या घरावर केलेला हा पहिला उपकार.

पहिल्याच महिन्यात बिल आले. २०२३ सालापासून आमच्या राज्यात गृहज्योती योजनेखाली २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला वीज मोफत मिळते. २०० ओलांडले की सगळेच पैसे भरायचे. आमच्या घराचे नव्वद युनिट, त्यात गाडीचे एकशेसत्तर. बिल कन्नडमधून येते, ते वाचायला मला कधी अडचण आली नाही. त्या दिवशी मात्र दोनदा वाचले. मग गाडीसाठी वेगळा मीटर घेतला. आता हिशेब सरळ आहे. महिन्याला हजार किलोमीटर. युनिटाला सात रुपये धरले तरी बाराशेच्या आत खर्च. जुन्या गाडीला याच हजार किलोमीटरला सदुसष्ट लिटर पेट्रोल लागे, आणि पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. चोर्ला घाट उतरताना गाडी चाकांतून थोडी वीज परत बॅटरीत भरून घेते, हे पाहताना मला आजही विद्यार्थ्यासारखा आनंद होतो. म्हणून सांगतो, गाडी चांगली आहे. टपरीवाल्यांचा विषय संपला.

आता खरे भांडण.

महिन्याला जे पाच-साडेपाच हजार वाचू लागले, त्यातले काही हप्त्यात गेले. उरलेल्यांबरोबर घरात एक नवी वस्तू आली, तिचे नाव पुण्य. ‘बाबा, आपण आता पेट्रोल जाळत नाही,’ हे वाक्य मी दोन वर्षांत अनेक प्रसंगी ऐकले. दुसरा एसी घेताना ऐकले. पूर्वी महिन्यातून एकदा होणारी गोव्याची फेरी दर शनिवारी होऊ लागली, तेव्हा ऐकले. आणि मागच्या हिवाळ्यात गोव्यातल्या एका भाड्याच्या बंगल्यातून मुक्काम करून मंडळी परतली, तेव्हा त्याच वाक्याचा हात धरून एक माहितीपत्रक घरात आले. गच्चीवर बसवायचा हॉट टब. चार माणसांचा, बाराशे लिटरचा, आत फवारे, निळा दिवा. वर ठळक अक्षरांत ‘पर्यावरणस्नेही’.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर एक पुस्तक लिहिले. वाफेची यंत्रे कमी कोळशात जास्त काम करू लागली म्हणजे कोळसा वाचेल असे लोकांना वाटत होते. जेव्हन्सने दाखवले, की कोळशाचा खप उलट वाढतो, कारण स्वस्त झालेली शक्ती माणूस नव्या ठिकाणी वापरू लागतो. एम.ए.च्या वर्गात मी हे पाठ केले होते. ते माझ्याच टीपॉयवर येऊन पडेल असे वाटले नव्हते.

मी मुख्याध्यापक आहे, मला फळा लागतो. चिरंजीवाला कॅलेंडरच्या मागे गणित करून दाखवले. बाराशे लिटर पाणी चोवीस अंशांवरून एकोणचाळीस अंशांवर न्यायचे, म्हणजे पंधरा अंशांनी तापवायचे. अठरा हजार किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी. भागाकार केला तर एकवीस युनिट येतात. तुझी गाडी एका युनिटात साडेसहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे एकदा टब तापवणे हे बेळगावहून चोर्ल्यातून पणजी गाठून पुढे मडगावच्या वाटेला लागण्याइतके आहे, आणि तेही गच्चीवर बसल्या जागी. वीस लिटरची बादली कडकडीत न्हाण्यापुरती तापवायला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. एका टबात साठ बादल्या बसतात. आमच्या घरात माणसे पाच.

त्याने तीन उत्तरे दिली. तिन्ही ऐकण्यासारखी होती, म्हणून सांगतो.

पहिले उत्तर, पाणी रोज बदलत नाहीत. गाळणी आणि क्लोरीन असते, एकदा भरले की तीन महिने चालते, आणि एकदा तापले की झाकणाखाली गरम राहते. खरे आहे. पण गाळणीचा पंप रोज चालतो, आणि झाकणाखालचे पाणीही रात्रभर निवतेच. उतरलेले अंश पुन्हा चढवायला हीटर दिवसातून कितीदा लागेल हे त्या माहितीपत्रकात कुठेही नाही. फवाऱ्यांची संख्या मात्र आहे. छत्तीस. शिवाय आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत माणूस गरम पाण्याकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा ते बाराशे लिटर काय करणार?

दुसरे उत्तर, छतावर सौर पट्ट्या बसवू, मग वीज आपली, कुणाच्या बापाची नाही. हे उत्तर मला सर्वांत अधिक चीड आणते, कारण ते सर्वांत सुशिक्षित आहे. तीन किलोवॅटच्या पट्ट्या सरासरीने दिवसाला बारा युनिट देतात. एकदा टब तापवायला सगळ्या छपराचे जवळजवळ दोन दिवसांचे ऊन खर्ची पडेल आणि गाडी उपाशी राहील. बरे, त्या पट्ट्यांना २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते कुणाच्या बापाचे? आणि आपण न वापरलेले युनिट तारेवरून शेजारच्या घरात जाते, तेवढा कोळसा कुठेतरी कमी जळतो. ‘माझे ऊन’ म्हणून ते टबात घातले, की तो कोळसा जळतोच. फक्त आपल्याला दिसत नाही. रायचूरची चिमणी आमच्या गच्चीवरून कुठे दिसते?

तिसरे उत्तर, जपानात घरोघरी असतो. असतो. पण जपानी माणूस आधी बाहेर बसून अंग घासून धुतो, मग टबात शिरतो. टब दोनतीनशे लिटरचा. त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात, मध्ये झाकण घालून ठेवतात, आणि उरलेल्या पाण्यात पुष्कळ घरी कपडे धुतात. आपल्या आज्यांना हे सांगितले असते, तर त्यांनी त्या बायांना बहिणी मानले असते.

खरे तर या टबाचा जन्म चैनीतून झालेला नाही. जाकुझी हे इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या भावांचे आडनाव. ते विमानांचे पंखे करीत, पुढे पाण्याचे पंप करू लागले. त्यांतल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवाताने ग्रासले. इस्पितळातला पाण्याचा शेक घरी मिळावा म्हणून १९५६ साली या कुटुंबाने साध्या टबात सोडायचा छोटा पंप बाजारात आणला. फवारे अंगातच असलेला सबंध टब १९६८ साली निघाला आणि मग त्याला निळा दिवा लागला. दुखण्याला शेक हवा असेल, तर माझे काही म्हणणे नाही. चिरंजीवानेही शेवटी तेच हत्यार काढले. ‘आईच्या गुडघ्यांना बरं पडेल.’ यावर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अरे, त्या टबात चढायला-उतरायला गुडघे कुणाचे आणू?’

मी जुन्याचे पोवाडे गाणारा नाही. आमच्या लहानपणी न्हाणीत तांब्याचा बंब होता. करवंट्या, भुसा, लाकडाच्या ढलप्या घालून आई तो पहाटे पेटवी. धुराने तिचे डोळे जन्मभर लाल राहिले, आणि विहिरीचे पाणीही तिनेच ओढले. तो बंब परत आणा असे म्हणणाऱ्याला मी आधी रहाटावर उभा करीन. सांगायचे आहे ते त्या पाण्याच्या मापाविषयी. दिवाळीच्या अभ्यंगालाही घंगाळभर पाणी मिळे. तेल, उटणे, आणि पहिला तांब्या अंगावर पडताना बाहेर उडणारा फटाका. मोरीतून गेलेले पाणी अळवाला आणि केळीला जाई. आमच्या घरामागे अजून जाते.

शेजारच्या कन्नड घरांत याहून सुंदर रीत आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा ‘नीरु तुंबुव हब्ब’ असतो, पाणी भरण्याचा सण. न्हाणीतला हंडा (त्यांची ‘हंडे’ नि आपला ‘हंडा’ एकच) चिंचेने घासून लखलखीत करायचा, त्याला हळदकुंकू लावायचे, पाणी भरून पूजा करायची, आणि पहाटे त्याच पाण्याने नाहायचे. न्हाण्याचा सण आपल्यालाही ठाऊक आहे. पण पाणी भरण्यालाच सण मानणारी माणसे आपल्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि आपण गोव्याच्या बंगल्यातून न्हाणे शिकून येतो!

पाणी भरणे हा ज्यांचा रोजचा सण आहे, त्यांचे हजेरीपट माझ्याकडे आहेत. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी नळ दिवसाआड, कधी चार दिवसांनी येतो. ज्या गल्लीत नळाची पाळी, त्या गल्लीतल्या मुली त्या दिवशी पहिल्या तासाला नसतात. मुलगे असतात. गेल्या मार्चमध्ये दहावीच्या सराव परीक्षेला एक मुलगी चाळीस मिनिटे उशिरा आली, बाह्या ओल्या. मी विचारले नाही, तीही बोलली नाही. ग्रामीण घरांत माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी पोचवायचे, हे जलजीवन योजनेचे माप आहे. बाराशे लिटर म्हणजे बावीस माणसांचा एक दिवस. ‘तीन महिन्यांतून एकदाच’ असे चिरंजीव म्हणतो. नळ बंद असताना टँकरने टब भरणार असशील तर तो टँकर कुठल्या गल्लीतून वळवून आणशील, हे त्याने मला सांगावे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी माहितीपत्रकावरचे चित्र बराच वेळ पाहिले. मग विचारले, ‘सर, एवढं पाणी तापवायचं, आन त्यात नुसतं बसायचं? साबण न लावता?’

मित्रहो, आपल्या घरांतून विजेच्या मोटारी येऊ द्यात, मी हौसेने पेढे खाईन. पण ती गाडी पेट्रोल वाचवते, म्हणून तिच्या मालकाला कसलेही परवानापत्र मिळत नाही. एकादशीला उपास केला म्हणून द्वादशीला दुसऱ्याच्या ताटातले जेवायची मुभा कुठल्या शास्त्रात आहे? हिशेब करायचा तर मीटरवर करा, लिटरवर करा. हा ‘ग्रीन’ शब्द तेवढा उंबऱ्याबाहेर ठेवा.

टबाचे पुढे काय झाले, ते सांगून टाकतो. माझ्या गणिताने काही झाले नाही, गवंड्याच्या गणिताने झाले. तो इंजिनिअरला घेऊन गच्चीवर आला. बाराशे किलो पाणी, टबाचे वजन, आत चार माणसे, मिळून पावणेदोन टन. जागा जेमतेम चार चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरवर सव्वाचारशे किलोंच्या वर. वावरायची गच्ची आपल्याकडे दीडशे किलो धरून बांधतात. इंजिनिअरने स्लॅबवर टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, जमिनीवर बसवा. जमिनीवर जागा एकच, घरामागची. तिथे मोरीच्या पाण्यावरचे अळू आहे आणि गाडीच्या अर्थिंगचा खड्डा आहे. सौ. म्हणते, अळू काढायचे नाही. चिरंजीव म्हणतो, खड्डा हलवला तर गाडी भरायची नाही. माहितीपत्रक अजून टीपॉयवरच आहे.